तीळ, ऊस आणि सावलीची काठी

पत्र : मी सांगली जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा एकत्रित वर्ग सांभाळते. पटावर एकतीस मुले आहेत, त्यांपैकी सात मुले बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची असून दिवाळीनंतर आमच्याकडे दाखल झाली आहेत. आमच्या शाळेत दरवर्षी संक्रांतीचा कार्यक्रम ठरलेला असतो : मुलांनी काळे कपडे घालून यायचे, पतंगाचे चित्र काढायचे, बाईंनी माहिती सांगायची, तिळगूळ वाटायचा आणि दुपारी मातांचे हळदीकुंकू. गेल्या वर्षी त्या दिवशी ऊसतोडीची सर्व मुले गैरहजर होती. हळदीकुंकवाला एका मुलाची आई फाटकाबाहेरूनच परत गेली, कारण तिचे पती हयात नाहीत. वर्गात दोन मुस्लिम कुटुंबांतील मुलेही आहेत. मुख्याध्यापक म्हणतात की, एका तासाच्या कार्यक्रमासाठी एवढा विचार कशाला करायचा. मला हा सण मुलांना नीट शिकवायचा आहे. कोणते उपक्रम घ्यावेत आणि कसे घ्यावेत, हे कृपया सांगावे.
— एक शिक्षिका

बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील फाटकाबाहेरून परत गेलेल्या आईचे वाक्य मी दोनदा वाचले, आणि आपण ते लपवले नाही याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मी स्वतः एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी फळ्यावर ‘उद्या सर्वांनी काळे कपडे घालून यावे’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गातील चार मुले आली नाहीत. त्यांतल्या एकाच्या घरी मी संध्याकाळी गेलो, तेव्हा त्याच्या आईने मला विचारले, ‘गुरुजी, पांढरा सदरा चालला नसता का?’ त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून सणाचा उपक्रम ठरवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो : या उपक्रमासाठी मुलाला घरून काय आणावे लागेल? विकत आणावे लागत असेल, तर तो उपक्रम वर्गातल्या काही मुलांसाठी आहे आणि काहींसाठी नाही. डोळ्यांनी पाहिलेले, हातांनी केलेले किंवा आजीला विचारलेले काही आणायचे असेल, तर तो सर्वांचा आहे.

संक्रांत हा या कसोटीवर उतरण्यास फार सोयीचा सण आहे, कारण त्यातील जवळपास प्रत्येक गोष्ट आकाशात, शेतात किंवा चुलीवर प्रत्यक्ष दिसते. अडचण एवढीच की, आपण तो एका दिवसात बसवतो. बहुतेक ठिकाणी संक्रांतीला स्थानिक सुट्टी असते, म्हणजे सणाच्या दिवशी मुले शाळेत नसतातच. त्यामुळे माझी पहिली सूचना अशी की, कार्यक्रमाचा तास मुख्याध्यापकांना हवा तसा राहू द्यावा आणि आपले शिकवणे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करावे. रोजची दहा मिनिटे परिसर अभ्यासातून आणि गणितातून सहज निघतात. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

सुरुवात एका काठीने करा. एक मीटर उंची जमिनीच्या वर राहील अशी सरळ काठी मैदानात उघड्यावर, सपाट जागी रोवा. ती उभी आहे की कललेली, हे मुलांनाच दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने तपासू द्या. 21 किंवा 22 डिसेंबरपासून आठवड्यातून दोन दिवस, दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळेत, सावलीच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची आणि अंतर मोजून वहीत लिहायचे. आपल्या भागात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्याच्या जवळ आलेला नसतो. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि सांगली त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे दिवसातील सर्वांत आखूड सावली साडेबारानंतरच मिळते. तिसरीच्या मुलाला हे कारण सांगण्याची घाई नको. त्याने स्वतः बारा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी मोजून ‘बाई, अजून लहान होतेय’ असे म्हणू द्यावे.

आपल्या अक्षांशावर एक मीटर काठीची ही मध्यान्हसावली 22 डिसेंबरच्या सुमारास साधारण 85 सेंटीमीटर भरेल, संक्रांतीच्या दिवशी ती सुमारे 79 असेल, जानेवारीअखेर 69 च्या आसपास येईल आणि 21 मार्चला जेमतेम 31 उरेल. हे आकडे मुलांना आधी सांगू नका. ते आपल्या खात्रीसाठी आहेत. मुलांचे मोजमाप दोन-तीन सेंटीमीटरने चुकेल आणि चुकू द्यावे, कारण सावलीची कडा धूसर असते आणि तिचे टोक नेमके कोठे धरावे यावर त्यांचा जो वाद होईल, तोच मोजमापाचा खरा धडा आहे. पहिल्या तेवीस दिवसांत सावली सहाच सेंटीमीटर आटली आणि पुढच्या सतरा दिवसांत दहा, हे त्यांच्याच वहीतून दिसले म्हणजे दिवस ‘तिळातिळाने’ वाढू लागतो, हे आपल्या आजीचे बोलणे किती नेमके आहे ते त्यांना समजेल.

येथे एका चुकीपासून सावध करतो. अनेक पाठ-टिपणांत ‘संक्रांतीपासून सूर्य लवकर उगवू लागतो’ असे छापलेले असते आणि आपण मुलांना ते पाहण्यास सांगतो. आपल्या भागात वर्षातील सर्वांत उशिराचे सूर्योदय जानेवारीच्या मध्यालाच होतात. 22 डिसेंबरशी तुलना केली, तर संक्रांतीच्या दिवशी सूर्य सुमारे आठ मिनिटे उशिरा उगवतो आणि तेरा-चौदा मिनिटे उशिरा मावळतो, म्हणजे दिवस एकूण पाच-सहा मिनिटांनी वाढलेला असतो आणि ती सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूने येते. म्हणून निरीक्षण मावळतीचे द्यावे. उसाच्या फडावरून परतणाऱ्या बैलगाड्यांमागे सूर्य कोणत्या झाडाच्या डावीकडे मावळतो आणि महिन्याभराने तो कोठे सरकतो, हे ज्या मुलांचे घरच उघड्यावर आहे ती मुले वर्गात सर्वांत अचूक सांगतील.

आता आपल्या स्वतःच्या माहितीसाठी उत्तरायणाचा गोंधळ मिटवून टाकू. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो 21-22 डिसेंबरला. मकर संक्रांत हा सूर्याच्या निरयन मकर राशीतील प्रवेशाचा दिवस आहे आणि तो ताऱ्यांच्या संदर्भाने मोजला जातो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही प्रसंग एकत्र येत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या आसासारखा अतिशय मंद गतीने फिरतो, त्यामुळे दर 72 वर्षांना साधारण एक दिवस या वेगाने ते एकमेकांपासून दूर गेले. याचा एक सुंदर पुरावा शाळेत आपोआप येतो : 12 जानेवारीला आपण स्वामी विवेकानंदांची जयंती साजरी करतो. त्यांचा जन्म 1863 सालचा, आणि त्या वर्षी मकर संक्रांत त्याच दिवशी, म्हणजे 12 जानेवारीला होती. आज ती 14 किंवा 15 तारखेला येते. ‘विवेकानंद संक्रांतीला जन्मले, मग आपण त्यांची जयंती दोन दिवस आधी का करतो?’ एवढा प्रश्न चौथीच्या मुलांपुढे टाकावा आणि उत्तर देण्यासाठी आठवडाभर थांबावे. अक्षाची भोवरागती त्यांना पूर्ण कळणार नाही, परंतु दिनदर्शिका ही माणसाने आकाश पाहून केलेली मांडणी आहे आणि तिच्यात सरक पडू शकते, एवढे नक्की कळते.

दुसरा उपक्रम सुगडाचा. कुंभाराकडून एक सुगड आणा. गावात चाक चालू असेल, तर मुलांना घेऊन तेथेच जा. सुगडात घरोघरी काय भरतात याची यादी मुलांनी घरी विचारून आणायची : हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजर, बोरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाची कांडी, तीळ. मग प्रत्येक वस्तूसमोर तीन गोष्टी लिहायच्या : ती आपल्या शिवारात पिकते का, पेरणी कोणत्या महिन्यात झाली आणि या दिवसांत ती शेतात कोणत्या अवस्थेत आहे. ओंब्या अजून हिरव्या आहेत, घाटे भरत आले आहेत, शेंगा कधीच काढून झाल्या आहेत, तीळ तर पावसाळ्यात पेरून दसऱ्याच्या सुमारास घरात आलेला आहे. खरिपाचे आणि रब्बीचे असे दोन्ही हंगाम त्या लहानशा मातीच्या भांड्यात एकत्र भेटतात, हे मुलांच्या तक्त्यातून निघेल. भोगीच्या भाजीचाही असाच तक्ता करता येईल, परंतु दोन्ही करण्याचा आग्रह नको. एक पुरे.

तिळाचे गणित मात्र सोडू नका. ‘एक तीळ सात जणांनी वाटून खावा’ हे आपण मुलांना तोंडी सांगतो, त्याऐवजी खरोखर एक तीळ सात जणांपुढे ठेवा आणि काय होते ते पाहा. त्यानंतर दुकानातून दहा ग्रॅम तीळ तोलून आणा, तो सर्व गटांत वाटून द्या आणि दहा-दहाच्या राशी, मग शंभराच्या राशी करून मोजायला सांगा. हजार तिळांचे वजन साधारण तीन ग्रॅम भरते. मुलांना हजारापुढच्या संख्या शिकवताना आपण चित्रातील ठोकळे दाखवतो. येथे तीन हजारांहून अधिक दाणे मुलांच्या बोटांखालून जातात. मोजलेले तीळ शेवटी भाजून लाडवात घालायचे, म्हणजे काही वाया जात नाही.

आता ज्या भागावर मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, त्याकडे येतो. बाई, तिळगुळातला तीळ आपण मुलांना समजावतो आणि गूळ दुकानातून आलेला म्हणून सोडून देतो, तेही अशा गावात जेथे चारी बाजूंनी ऊस उभा आहे आणि तो तोडणाऱ्या माणसांची मुले तुमच्या वर्गात बसलेली आहेत. ही सात मुले शाळेत उशिरा दाखल झालेली, पाठ्यपुस्तकात मागे पडलेली, बोलण्याच्या ढंगामुळे हसली जाणारी असतात. त्यांना येत नाही अशाच गोष्टी आपण वर्षभर विचारत असतो. संक्रांतीच्या या तीन आठवड्यांत त्यांना येते ते विचारण्याची संधी आहे.

वर्गाचे सात गट करा आणि प्रत्येक गटात त्यांच्यापैकी एक मूल येईल असे पाहा. प्रत्येक गटाला पूर्ण उसाचे एक टिपरे द्या, शेतकरी ते आनंदाने देतात. मग प्रश्न विचारा : याला किती पेरे आहेत? सर्व पेरी सारख्या लांबीची आहेत का? बुडखा आणि शेंडा यांत गोड काय, आणि का? वाढे कशाला म्हणतात, पाचट कशाला? वाढ्याचे पुढे काय होते? एका मोळीत किती ऊस बांधतात आणि मोळी कशाने बांधतात? ऊस जमिनीलगत का तोडायचा? यांतील निम्म्या प्रश्नांची उत्तरे गावच्या बागायतदारांच्या मुलांनाही येतील, काहींची येणार नाहीत. उरलेल्यांची उत्तरे तुमच्या गटातले ते गप्प मूल देईल. त्याला उभे करून बोलते करण्याची गरज नाही. गटात त्याच्याकडे माना वळतील, तेवढे पुरे आहे.

एक मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी. या मुलांना त्यांच्या हालअपेष्टांविषयी वर्गासमोर बोलायला लावू नका. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कसे राहता, रात्री गाडी भरायला किती वाजता उठता, मुकादमाकडून आगाऊ उचल किती घेतली, हे प्रश्न सहानुभूतीने विचारले तरी मुलाला उघडे पाडतात. कोयता शाळेत आणवू नका, नाटुकल्यात ऊसतोडीचा प्रवेश तर मुळीच बसवू नका. ज्ञान विचारावे, दैन्य विचारू नये. मूल आपणहून काही सांगू लागले तर ऐकावे आणि ते वहीत लिहून घ्यावे का, हे त्यालाच विचारावे.

गावाजवळ गुऱ्हाळ चालू असेल, तर एका सकाळी सर्व वर्गाला तेथे न्या. चरकात ऊस जातो, रस काहिलीत पडतो, चिपाड वाळवून त्याच चुलवणात जाळतात, म्हणजे रस आटवण्याचे जळण उसातूनच निघते. तिसरीच्या मुलाला ‘काहीही वाया जात नाही’ हे शब्दांत सांगण्यापेक्षा हा फेरा दाखवणे चांगले. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकल्यावर मळी वर येते आणि गुळव्या ती काढून टाकतो. काकवी कधी आणि गूळ कधी, हे तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून ठरवतो. त्याला मुलांनी प्रश्न विचारावेत, ते आधी वर्गात लिहून न्यावेत आणि एकाच मुलाने सगळे विचारू नयेत. परतल्यावर एक हिशेब घाला : दहा किलो उसातून साधारण एक किलो गूळ निघतो, तर तीस किलोच्या ढेपेसाठी किती ऊस लागला? आणि तेवढ्या उसाच्या वजनाएवढी मुले गोळा केली तर किती होतील? दुसऱ्या प्रश्नाला पुस्तकात जागा नाही, पण मुले तोच लक्षात ठेवतात. काहिलीतला उकळता रस फार धोकादायक असतो. एका मोठ्या माणसामागे पाच-सहा मुलांहून अधिक असू नयेत, आणि पालक सोबत येणार नसतील तर ही भेट रद्द करून गुळव्यालाच शाळेत बोलवावे.

याच कारणाने वर्गात पाकाचे लाडू करू नका. भाजलेले तीळ घरून किंवा शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून करून घ्यावेत, त्यात शेंगदाण्याचा कूट आणि किसलेला मऊ गूळ घालून खलबत्त्यात कुटले की हाताने लाडू वळता येतात. एखाद्या मुलाला तिळाचे किंवा शेंगदाण्याचे वावडे आहे का, हे आधी पालकांकडून विचारून घ्या.

काळ्या कपड्यांची सक्ती काढून टाका आणि तिच्या जागी एक प्रयोग ठेवा. दोन सारखे पत्र्याचे डबे, एकाला काळे फडके गुंडाळायचे, दुसऱ्याला पांढरे, दोन्हींत सारखे पाणी, आणि दोन तास ऊन. त्यानंतर प्रत्येकाने बोट बुडवून पाहायचे, तापमापी असेल तर आकडा लिहायचा. थंडीतल्या सणाला काळे वस्त्र का चालते, याचे एक पटण्याजोगे कारण त्यांच्या बोटालाच कळेल. ज्याला काळा कपडा घालून यायचा आहे त्याने यावे, त्याविषयी वर्गात काहीही म्हणू नये.

पतंगाचे चित्र काढण्याऐवजी पतंग करा. वर्तमानपत्राचा चौरस कागद, बांबूच्या दोन कामट्या आणि खळ एवढेच लागते. चौरस कर्णावर दुमडला की दोन्ही बाजू जुळतात, त्यातून सममिती येते, कन्नी कोठे बांधली की पतंग गोता खातो हे उडवूनच कळते. दोरा साधा सुती घ्यावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली आहे, तरी तो गावात विकला जातो, आणि मुलांनी मैदानाभोवतीच्या झाडांत व तारांत अडकलेला जुना मांजा मोठ्यांच्या मदतीने गोळा करून एका बाटलीत भरला, तर त्या बाटलीएवढे प्रभावी भाषण दुसरे नाही. पक्षी सकाळी बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात, त्यामुळे पतंग दुपारीच उडवायचा, हा नियम मुलांनी स्वतः करावा.

सांगली-कोल्हापूरच्या सीमेलगत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सहज उपलब्ध आहे. आपण ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतो, आणि पलीकडे कर्नाटकात तीळ, गूळ, शेंगदाणे व खोबऱ्याचे मिश्रण हातावर ठेवून ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ असे म्हणतात, म्हणजे तीळगूळ खाऊन चांगले बोला. वर्गात कानडी बोलणारे एखादे मूल असतेच. त्याच्याकडून हे वाक्य सर्वांनी शिकावे. बीडच्या मुलांना विचारावे की, त्यांच्याकडे या हंगामातला मोठा सण कोणता. लातूर-धाराशिवकडची आणि त्याला लागून असलेल्या भागातली मुले कदाचित येळवसेचे, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येचे, नाव घेतील, तेथल्या मिश्र भाज्यांच्या भज्जीची आणि अंबिलाची गोष्ट सांगतील, आणि ती गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो, कारण या काळात ती दरवर्षी गावाबाहेरच असतात.

मुस्लिम कुटुंबांतील मुलांविषयी आपण विचारले आहे. वर सांगितलेल्या कोणत्याही उपक्रमात पूजा नाही, आरती नाही, कोणाला हात जोडायला लावलेले नाही, आणि ते योग्यच आहे. पूर्णपणे शासकीय पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 मध्ये स्पष्ट आहे. याचा अर्थ घरच्या श्रद्धेविषयी बोलायचेच नाही असा नव्हे. ‘आमच्या घरी सुगडाची पूजा करतात’ हे एकाने सांगावे, ‘आमच्या घरी करत नाहीत, पण शेजारून तिळगूळ येतो’ हे दुसऱ्याने सांगावे, दोन्ही वाक्ये फळ्यावर सारख्याच अक्षरांत लिहावीत. यंदाची संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली आणि म्हणून काय महागणार, हे एखादे मूल सांगेल. त्याला हसू नये, ‘आजीकडून ऐकलेस का?’ असे विचारून पुन्हा सावलीच्या काठीकडे न्यावे.

राहिले हळदीकुंकू. याबाबत माझे मत स्पष्ट आहे आणि ते आपण मुख्याध्यापकांना माझ्या नावे सांगितले तरी चालेल : सरकारी शाळेच्या आवारात असा कार्यक्रम होऊ नये, ज्याच्या दारात आईला तिचा नवरा जिवंत आहे की नाही याचा विचार करावा लागतो. आपल्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. मुख्याध्यापकांशी बोलताना या ठरावाचा आधार घ्या, वाद घालण्याची वेळ येणार नाही. हळदीकुंकवाऐवजी ‘पालकांची तिळगूळ सभा’ ठेवा, तिला आई, वडील, आजी, आजोबा, मुकादमाच्या तळावरची एखादी मावशी, जे येतील ते येऊ देत. वाण द्यायचेच असेल तर मुलांनी बनवलेला लाडू आणि त्यांच्या सावलीच्या नोंदींची एक प्रत द्यावी. ती वेळही संध्याकाळची ठेवावी, कारण फडावर गेलेले पालक दुपारी येऊ शकत नाहीत. गेल्या वर्षी परत गेलेल्या त्या आईकडे आपण स्वतः जावे. चिठ्ठी पाठवू नये. क्षमा मागण्याची वेळ आपल्यावर आली आहे, आणि ती मागताना मुलाला सोबत घेऊ नये.

शेवटचा उपक्रम लेखनाचा आहे. ‘गोड बोला’ यावर निबंध देऊ नका. टपाल कार्यालयातून पन्नास पैशांची पोस्टकार्डे आणा आणि प्रत्येक मुलाला एका खऱ्या माणसाला पत्र लिहू द्या, ज्याच्याशी बरेच दिवसांत बोलणे झालेले नाही अशा माणसाला. ऊसतोडीच्या मुलांनी आपल्या मूळ गावच्या शाळेत, मागे राहिलेल्या मित्रांना लिहावे. स्थलांतर करताना मिळणाऱ्या त्यांच्या शिक्षण हमी पत्रकावर मूळ शाळेचे नाव असते, पत्ता त्यावरून शोधता येतो. आपण तेथील गुरुजींना आधी एक फोन केला, तर उत्तरेही येतील. मी हे पाच वर्षे केले, आणि ज्या दिवशी बीडच्या शाळेतून उत्तराचे पोस्टकार्ड येई, त्या दिवशी ते वाचून दाखवण्याचा मान ज्याच्या नावे कार्ड आले त्याचाच असे, मग त्याला वाचायला कितीही वेळ लागो.

सावलीची काठी संक्रांतीनंतर काढू नका. कारखान्याचा हंगाम संपून ही मुले मार्च-एप्रिलमध्ये परत जातील, तोवर सावली निम्म्याहून अधिक आटलेली असेल. जाताना प्रत्येकाला त्याच्या नोंदींची वही द्या आणि शेवटच्या पानावर काठी कशी रोवायची ते लिहून द्या. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळेला सुट्टी असताना, एका दुपारी ही सावली पूर्णपणे नाहीशी होते. तुमच्याकडे तो दिवस आणि त्यांच्या गावी तो दिवस वेगवेगळा असेल, कारण बीड सांगलीच्या उत्तरेला आहे. कोणाकडे ती आधी नाहीशी झाली, हे त्यांनी पुढच्या दिवाळीनंतर येऊन सांगायचे आहे.

आपला,
सल्लागार गुरुजी